धंद्याचा रकाना आणि वैद्यकुळांचा इतिहास

'आमच्या घराण्यात चार-पाच पिढ्यांपासून वैद्यकी चालत आली आहे' हे वाक्य आपल्या व्यवसायात नित्य ऐकू येते. औषधालयाच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर, क्वचित औषधाच्या वेष्टनावरही ते छापलेले असते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु घरातील एखादा जिज्ञासू तरुण वंशावळ तयार करण्याच्या हेतूने जुने कागद तपासू लागला, की त्याची निराशा होण्याचा संभव फार असतो. शाळेच्या रजिस्टरात पणजोबांचा धंदा 'शेती' म्हणून लिहिलेला असतो. तहसिलीतील नोंदवहीत 'दुकानदारी' असते. 'वैद्य' हा शब्द मात्र कोठेच आढळत नाही. मग घरातील आठवण खोटी, की सरकारी कागद खोटा, असा प्रश्न उभा राहतो.

आमच्या मते यांपैकी कोणताही निष्कर्ष एकदम काढणे घाईचे ठरेल. आपण रुग्णाचे एकच लक्षण पाहून व्याधीचे नाव सांगत नाही. लक्षण कोणत्या देशात, कोणत्या काळी, कोणत्या प्रकृतीच्या माणसात दिसले हे पाहतो. जुन्या नोंदीतील धंद्याचा शब्द हेही असेच एक लक्षण आहे. तो कोणी लिहिला, कोणत्या रकान्यात लिहिला आणि काय जाणून घेण्यासाठी लिहिला, या तीन गोष्टी कळल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखात खानदेशातील, विशेषतः एरंडोल परिसरातील, कुटुंबांनी अशा नोंदी कशा वाचाव्यात याचा विचार केला आहे. उदाहरणे वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या संदर्भात मुद्दाम घेतली आहेत.

शिरगणतीची मूळ पत्रके

घरोघरची माणसे मोजण्याची पद्धत आपल्याकडे इंग्रजांनी प्रथम आणली असे नाही. 'खानेसुमारी' हा शब्दच घरांची मोजदाद असा अर्थ सांगतो. पेशवाईतील खानेसुमारीचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची पहिली शिरगणती १८७२ च्या फेब्रुवारीत झाली. पुढे १७ फेब्रुवारी १८८१ रोजी संपूर्ण देशाची एकाच वेळी गणना करण्यात आली आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत गेली. प्रत्येक माणसाचे नाव, वय, धर्म, जात, जन्मस्थान आणि धंदा गणना करणाराने हाताने लिहून घेतला. हे काम बहुधा कुळकर्णी, तलाठी किंवा शाळामास्तर करीत असत.

ही पत्रके आज मिळाली असती तर वंशावळ लिहिणाराचे काम फार सोपे झाले असते. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या नोंदी जतन केलेल्या आहेत आणि शंभर वर्षे लोटल्यावर त्या लोकांसाठी खुल्या होतात. १९२१ ची गणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची मात्र १९४२ मधील आगीत नष्ट झाली. तेथील कुटुंबे या वह्यांतून आपल्या पूर्वजांचे धंदे वाचतात. शेतमजुराला 'ॲग लॅब' असे तोडून लिहिलेले असते, हे तेथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपल्याकडे पत्रकांवरून कोष्टके तयार झाली, कोष्टके छापली गेली आणि मूळ पत्रके ठेवण्यात आली नाहीत. पूर्वीच्या खानदेश जिल्ह्यात एखाद्या वर्षी अमुक धंद्याचे किती लोक होते हे छापील ग्रंथांत सापडते, पण ते कोण होते हे सापडत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या गणनांबाबत तर १९४८ च्या जनगणना कायद्यानेच व्यक्तिगत नोंदी पाहण्यास आणि पुरावा म्हणून वापरण्यास मनाई केली आहे.

वैद्य कोणत्या सदरात मोडला

तरीही ही छापील कोष्टके निरुपयोगी नाहीत. धंद्यांची वर्गवारी करणारे अधिकारी वैद्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते, हे त्यांतून स्वच्छ दिसते. १८८१ साली इंग्लंडमधील धंद्यांच्या वर्गवारीचा नमुना येथे लावण्यात आला. तो येथील समाजाला बसत नाही, हे लक्षात आल्यावर १८९१ साली गणना आयुक्त बेन्स यांनी निराळी वर्गवारी केली. १९०१ च्या वर्गवारीत वैद्यकीय धंद्यातील लोकांचे दोन मुख्य गट दिसतात. पदविका अथवा परवाना असलेले चिकित्सक हा एक, आणि पदविका नसलेले चिकित्सक हा दुसरा. गुरुगृही दहा-बारा वर्षे राहून ग्रंथ मुखोद्गत केलेला वैद्य आणि बाजारात बसून मुळ्या विकणारा मनुष्य हे दोघेही या दुसऱ्या गटात एकत्र झाले.

१९११ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तिलाँ यांची पद्धत स्वीकारण्यात आली. तीत सर्व प्रकारचे वैद्यकीय व्यावसायिक एकाच गटात आले. दंतवैद्य, नेत्रवैद्य आणि गुरांचे डॉक्टर यांचाही समावेश तेथेच झाला. सुईण, देवी टोचणारे, कंपाउंडर आणि परिचारिका यांचा दुसरा गट झाला. पुढे १९३१ साली नोंदणीकृत चिकित्सक आणि नोंदणीविना चिकित्सा करणारे इतर, असा भेद करण्यात आला. आता मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा होता तो १९१२ चा, आणि तो पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांसाठी होता. वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीची सोय १९३८ च्या कायद्याने झाली. म्हणजे १९३१ साली कितीही विद्वान वैद्य असला तरी तो 'इतर' याच सदरात जाणार हे ठरलेलेच होते. वैद्यकुळाचा इतिहास लिहिणाराने हे ध्यानात ठेवले, तर छापील आकडे पाहून त्याचा गैरसमज होणार नाही.

१९३८ च्या कायद्याचा येथे आणखी एक उपयोग आहे. त्यात नोंदवहीबरोबरच, मान्य परीक्षा न दिलेल्या परंतु अनेक वर्षे व्यवसाय करीत असलेल्या वैद्यांसाठी स्वतंत्र यादीची तरतूद होती. ज्यांच्या आजोबांनी त्या काळी प्रमाणपत्र मिळविले, त्यांच्या घरी तो कागद असण्याचा संभव आहे. पुष्कळ घरांत धंद्याच्या रकान्यात 'वैद्य' हा शब्द सरकारी मोहोरेसह प्रथम उमटला तो याच कागदावर. १९६१ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाल्यानंतरची प्रमाणपत्रे बहुतेक घरांत सांभाळलेली असतात. त्याच्या आधीची मात्र जुनी व निरुपयोगी समजून टाकून दिली जातात.

१९५१ चे रजिस्टर

मूळ पत्रके नाहीत या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. १९५१ च्या गणनेच्या वेळी गणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगावचे 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' हाताने उतरवून काढण्यात आले. त्यात घरवार माणसांची नावे आणि त्यांची उपजीविका लिहिलेली असते. एरंडोल तेव्हा मुंबई राज्याच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले होते, आणि त्यांपैकी पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. जुने कागद मागताना हे नाव सांगावे लागते.

हे रजिस्टर वाचताना १९५१ च्या गणनेची परिभाषा माहीत हवी. त्या वर्षी सर्व लोकसंख्या उपजीविकेच्या आठ वर्गांत विभागली गेली. पहिले चार शेतीचे होते : स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची जमीन कसणारे, शेतमजूर, आणि स्वतः न कसता जमिनीचे उत्पन्न घेणारे. उरलेले चार म्हणजे शेतीव्यतिरिक्त उत्पादन, व्यापार, वाहतूक आणि इतर सेवा. शेतीच्या चार वर्गांसाठी गणनेच्या चिठ्ठीत नुसते १ ते ४ अंक लिहावयाचे होते. रजिस्टरात नावापुढे धंद्याऐवजी एकटाच अंक दिसला, तर तो घरातील माणसांची संख्या नसून धंद्याची खूण असू शकतो. याखेरीज प्रत्येक माणूस स्वावलंबी, कमावता आश्रित किंवा न कमावता आश्रित यांपैकी कोण, हेही विचारले जात असे.

आता समजा, एरंडोलमधील एका वैद्याची अशी नोंद हाती आली. नाव बरोबर, वय बरोबर, पण उपजीविकेच्या जागी फक्त '४'. म्हणजे जमीन कुळाकडे आणि उत्पन्न घरी. नातवंडे म्हणतात की आजोबा पंचक्रोशीत नाडीपरीक्षेसाठी प्रसिद्ध होते. या दोन विधानांत विरोध मुळीच नाही. गणनेने विचारले होते ते मुख्य उपजीविकेचे साधन. ज्या वैद्याने औषधाचे मोल घेतले नाही, किंवा घेतले ते दिवाळीला पायली-दोन पायली दाण्याच्या रूपाने, त्याची उपजीविका वैद्यकीवर नव्हतीच. त्याने प्रगणकाला खरे उत्तर दिले आणि त्या खऱ्या उत्तरामुळेच त्याची वैद्यकी कागदावर आली नाही.

या विषयात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच होय. धंद्याचा रकाना माणसाचे पोट कशावर भरत होते ते सांगतो, तो काय जाणत होता ते सांगत नाही. आपल्या व्यवसायात विद्या आणि उपजीविका या दोन गोष्टी फार काळ वेगवेगळ्या होत्या. म्हणून इतर कोणत्याही धंद्यापेक्षा वैद्य या रकान्यातून अधिक सहजपणे निसटला. सुईणीची अवस्था तर याहून वाईट. रात्री-अपरात्री बोलावणे येताच जाणारी, शेकडो बाळंतपणे सुखरूप पार पाडणारी स्त्री लुगडे-चोळी आणि धान्य घेऊन घरी येई. कागदावर ती बहुधा 'न कमावती आश्रित' म्हणून उरली.

जात की धंदा

जुन्या नोंदी वाचताना दुसरी अडचण येते ती जात आणि धंदा यांच्या सरमिसळीची. सोनार, सुतार, तेली, कासार, साळी, शिंपी, पिंजारी हे शब्द जातीचेही आहेत आणि कामाचेही. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. तिला लोक 'कोतवाल बुक' म्हणतात. तीत मृताच्या नावापुढे 'तेली' असे लिहिले असेल, तर तो घाणा चालवीत होता असे सिद्ध होत नाही. त्याने उभे आयुष्य शेती केलेली असू शकते. उलट गणनेतही पुष्कळांनी प्रत्यक्ष कामाऐवजी परंपरागत जातिधंदाच सांगितला, अशी तक्रार जुन्या अहवालांत पुनःपुन्हा केलेली आढळते.

एरंडोलचे एक ठळक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. अंजनी नदीच्या काठचे हे गाव आज पांडववाड्यासाठी आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीसाठी ओळखले जाते. परंतु एके काळी ते हातकागदासाठी प्रसिद्ध होते आणि इंग्रजी गॅझेटियरांनी या उद्योगाची नोंद घेतली आहे. साहजिकच या भागातील कागदपत्रांत 'कागदी' असा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ कागद तयार करणारा असा घ्यावा लागतो. आजचा वाचक तो आडनाव समजेल, किंवा वह्या विकणारा दुकानदार समजेल. ज्या काळी गिरणीचा कागद स्वस्त झाला, त्यानंतरच्या नोंदीत मात्र तो शब्द नुसते कुळाचे नाव म्हणूनही उरलेला असू शकतो. एकच शब्द, पण साल बदलले की अर्थ बदलतो.

अशा वाचनावर केवढे अवलंबून असते, हे अलीकडे सर्व महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली. आरंभी मराठवाड्यापुरते असलेले हे काम पुढे राज्यभर झाले. जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, खरेदीखते, तुरुंगाचे आणि पोलिसांचे अभिलेख असे नाना प्रकारचे कागद तपासण्यात आले. वर सांगितलेले १९५१ चे रजिस्टरही त्या यादीत होते. अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदींच्या प्रती आपल्या संकेतस्थळांवर ठेवल्या. 'कुणबी' हा शब्द मुळात शेती कसणाऱ्याचा आणि पुढे जातीचा. तो पुष्कळदा 'कु॥' किंवा 'कु.' एवढाच लिहिलेला असतो. हेच अक्षर मुलीच्या नावाआधी आले तर 'कुमारी' आणि बलुतेदारांच्या यादीत आले तर 'कुंभार' असू शकते. कोणता अर्थ घ्यावा, हे त्याच पानावरील इतर नोंदी आणि त्याच लेखकाचे वळण पाहूनच ठरवावे लागते.

आपल्याशी संबंधित काही शब्द

औषधांच्या व्यवसायातील शब्दांबाबत अशीच दक्षता हवी. 'अत्तार' म्हणजे केवळ अत्तरे विकणारा नव्हे. युनानी औषधे आणि वनस्पती विकणाराही अत्तारच. 'पसारी' किंवा 'पंसारी' हा काष्ठौषधींचा विक्रेता. 'किराणा' या शब्दात आज साखर, साबण येतात, परंतु जुन्या व्यापारी वह्यांत मिरी, सुंठ, पिंपळी, हिरडा, ज्येष्ठमध हेही किराण्यातच मोडत. आपल्या औषधालयाच्या संस्थापकाचा धंदा 'किराणा दुकान' असा लिहिलेला आढळला, तर निराश होण्याचे कारण नाही. 'साळोत्री' म्हणजे घोड्यांचा व जनावरांचा वैद्य, आणि 'जर्राह' म्हणजे जखमा व गळवे यांवर शस्त्राने उपचार करणारा.

'वैद्य' आणि 'वैदू' यांत तर विशेष घोटाळा होतो. बोलताना आणि लिहिताना 'वैद्य' चे 'वैद' झालेले असते. शेवटचा उकार पुसट झाला की 'वैदू' आणि 'वैद' सारखेच दिसतात. वैदू ही गावोगाव फिरून जडीबुटी देणारी जमात. तिचे वनस्पतींचे ज्ञान लहान लेखण्याचे कारण नाही, परंतु दोन्ही कुळांचा इतिहास वेगळा आहे. एकाची नोंद दुसऱ्याच्या वंशावळीत गेली, तर दोघांवरही अन्याय होतो.

'देवी' हा शब्दही असाच आहे. मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात 'देवी' म्हणजे मसूरिका हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पण धंद्याच्या ठिकाणी 'देवी डॉक्टर' असेल, तर तो लस टोचणारा सरकारी नोकर होय. मृत्यूची कारणे वाचण्यात वैद्याचा मोठा उपयोग होतो. 'पटकी', 'आमांश', 'ताप' हे त्या काळच्या कोतवालाने ऐकून लिहिलेले ढोबळ शब्द आहेत. १९१८ सालच्या शरद ऋतूत एखाद्या गावात 'ताप' या एकाच शब्दाची रांग लागलेली दिसली, तर ती मानमोडीची साथ आहे हे आपल्याला चटकन उमगते.

खानदेशच्या बोलीतून आणि कापसाच्या उद्योगातून आलेले शब्द परक्या वाचकाला अडवितात. 'सालदार' म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राहिलेला गडी, साधा रोजंदार नव्हे. 'जीनमध्ये नोकर' म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातील कामगार. 'प्रेसमध्ये कामाला' असे वाचून पणजोबा छापखान्यात होते असे समजू नये. जळगाव-एरंडोल भागात ती बहुधा कापसाच्या गाठी बांधणारी प्रेस असते. आणि 'नोकरी', 'मजुरी', 'दुकान' एवढेच लिहिलेले असेल तर तो प्रगणकाचा आळस समजावा. असे मोघम शब्द लिहू नका, अशी सूचना त्यांना दर गणनेत दिली जात असे.

लिपी, लघुरूपे आणि सन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. मोडीत शिरोरेघ आधी ओढून तिला अक्षरे जोडीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत. त्यामुळे नाव कोठे संपले आणि धंदा कोठे सुरू झाला, हेच प्रथम ठरवावे लागते. शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे एक किंवा दोन उभे दंड देण्याची रीत होती. 'मौ।' म्हणजे मौजे, 'खु॥' म्हणजे खुर्द, 'बु॥' म्हणजे बुद्रुक. 'रा।' हे पत्राच्या आरंभी 'राजश्री' असते, तर नावानंतर 'राहणार' असते. हेच दंड आकड्यांपुढे आले की एक दंड पाव, दोन दंड अर्धा आणि तीन दंड पाऊण असा अर्थ होतो. औषधाच्या मापात ही चूक महागात पडेल.

साल काढण्यासाठी काही ठोकताळे लक्षात ठेवावेत. शकात ७८ मिळवावेत. सुहूर म्हणजे अरबी सनात ५९९ किंवा ६००, आणि दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावेत. गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करावेत. वहीवर सालच नसेल, तर नाणी व मापे पाहावीत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाले. म्हणून 'न. पै.' असे लिहिलेले पान त्यापूर्वीचे असू शकत नाही. आणे-पैचे पान बहुधा त्याआधीचे समजावे.

कागद हाताळताना आपले द्रव्यज्ञान उपयोगी पडते. काजळ आणि बाभळीचा डिंक यांची शाई काळीभोर राहते, पण ओला बोटसुद्धा तिला पुसतो. हिराकस आणि माजूफळ किंवा हिरडा यांची शाई काळाने तपकिरी होते आणि कागद खाते. अशा पानाला घडी पडू देऊ नये. पोथ्यांतून आणि क्वचित वह्यांतून पिवळे पट्टे दिसतात. ते हरताळाचे, चुकलेला मजकूर झाकण्यासाठी लावलेले. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. पट्ट्याखाली काय होते हे पाहण्यासाठी तो खरवडू नये, तसेच पाने उलटताना बोट जिभेला लावू नये. अशुद्ध हरताळ म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना ठाऊक आहे. पूर्वजांनी दप्तरात ठेवलेले वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला ही कसरीवरची जुनी उपाययोजना आजही चांगली आहे. चिकटपट्टी लावणे आणि लॅमिनेशन करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

आपल्या घरातील दप्तर

सरकारी कागदांत वैद्य निसटला, हे वर सांगितले. मग तो सापडणार कोठे? आमचे उत्तर असे की, तो आपल्याच माळ्यावर सापडेल. वैद्याची रुग्णवही, योगांची हस्तलिखित वही, औषधालयाचा रोजमेळ आणि खतावणी, गावोगावच्या दुकानदारांशी झालेला पत्रव्यवहार, हे सर्व त्याच्या वैद्यकीचे प्रत्यक्ष पुरावे आहेत. शिवाय त्यांत आणखी एक मोल आहे. वैद्य रुग्णाचा धंदा विचारतो तो निदानासाठी. दिवसभर पाण्यात उभा राहणारा रंगारी, जीनमध्ये कापसाचा तूस नाकातोंडात घेणारा कामगार, भट्टीपुढे बसणारा लोहार यांचे व्याधी वेगळे, म्हणून तो त्यांचे खरे काम लिहून ठेवतो. जात लिहून त्याचे भागत नाही. ज्या गावाच्या शिरगणतीची पत्रके उरली नाहीत, त्या गावातील माणसे प्रत्यक्षात काय करीत होती, याचा विश्वसनीय लेख एखाद्या वैद्याच्या रुग्णवहीत असू शकतो. औषध उधार नेणाराच्या नावापुढे ओळख पटावी म्हणून लिहिलेला शब्दही तितकाच खरा असतो.

हे दप्तर आज ज्या वेगाने नष्ट होत आहे, त्याची आम्हाला चिंता वाटते. दुकानाचे नूतनीकरण झाले की जुन्या वह्या रद्दीत जातात. घराच्या वाटण्या झाल्या की पोथ्या एका भावाकडे आणि वह्या दुसऱ्याकडे जातात, आणि त्यांचा परस्परसंबंध तुटतो. मोडी वाचणारी पिढी तर जवळजवळ संपली आहे. खानदेश या बाबतीत अगदीच निराधार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाचे राजवाडे संशोधन मंडळ तेथे आहे आणि जुन्या कागदांचा मोठा संग्रह त्या संस्थेकडे आहे. मोडी लिपीचे वर्गही आता अनेक ठिकाणी चालतात.

आमची वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधालयांच्या मालकांना विनंती आहे, की त्यांनी प्रथम आपल्या घरातील कागदांची साधी यादी करावी. कोणती वही, कोणाच्या हाताची, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढे चार रकाने पुरेत. त्यानंतर पानांची छायाचित्रे क्रमाने घ्यावीत. नोंद उतरवून घेताना मूळ शब्द जसाच्या तसा लिहावा आणि आपण लावलेला अर्थ वेगळ्या रकान्यात द्यावा. 'वैद' असे असेल तर 'वैद' च लिहावे. 'वैद्य' असावे हे आपले अनुमान झाले, आणि अनुमान प्रत्यक्षाच्या जागी बसवू नये. एका नोंदीवर वंशावळ उभारू नये. शाळेचे रजिस्टर, कोतवाल बुक, फेरफार आणि घरची वही यांपैकी निदान दोन साक्षी जुळल्यावरच विधान करावे.

एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. रुग्णवहीत रुग्णाची गुपिते असतात. रुग्ण हयात नसला तरी त्याचे वंशज गावात असतात. कुष्ठ, उपदंश, वंध्यत्व यांसारख्या नोंदी नावानिशी प्रसिद्ध करणे आपल्या व्यवसायधर्मात बसत नाही. धंदा आणि व्याधी यांचा अभ्यास नावे वगळूनही करता येतो.

आणि एक काम असे आहे की ज्याला कोणतीच वही लागत नाही. घरातील किंवा आळीतील ज्या वृद्ध स्त्रियांना जुन्या सुइणींची नावे आठवतात, त्यांच्याकडून ती या वर्षातच लिहून घ्यावीत. त्यांच्या विद्येसाठी कोणत्याही गणनेने रकाना ठेवला नव्हता. ती नावे आपण लिहिली नाहीत, तर दुसरीकडे कोठेही ती सापडणार नाहीत.